राखाडी पतंग

४ सप्टेंबर, सकाळी सहा
नवी वही. संकल्प तीन. वर्गात ओरडायचं नाही. मुलांची भाषा, काक्चिकेल, रोज पाच शब्द शिकायची. अकरा वर्षं या डोंगरात चित्रकला शिकवतोय, आता तरी. आणि यंदाचा शाळेचा पतंग असा करायचा की राजधानीतल्या लोकांनी तोंडात बोटं घालावीत.
तिसरा संकल्प मुख्य.

८ सप्टेंबर
सातवी-आठवीला प्रकल्प सांगितला. चार मीटरचा पतंग, एक नोव्हेंबरला दफनभूमीच्या टेकडीवर उडवायचा. मुलं खूश. मृत माणसं त्या दिवशी घरी येतात आणि पतंग बघून त्यांना वाट सापडते, असं इथं सगळेच मानतात. पण दरवर्षी तेच ते. फुलं, पक्षी, मागावर बसलेल्या बायका. मी जाहीर केलं, यंदा डिझाइन माझं. ‘आधुनिक माणसाचं एकटेपण’. सगळं राखाडी, मधे काळा चौकोन. हेच चित्र मी सत्तावीस वर्षांपूर्वी राजधानीतल्या प्रदर्शनाला पाठवलं होतं. तेव्हा परीक्षकांची तयारी नव्हती.
वर्गात चिडीचूप. भारावली असणार.
मग एल्मेर चिकितोने विचारलं, प्रोफे (इथं मास्तरांना असंच म्हणतात), हा तवा उडणार का?
ओरडलो नाही. म्हणजे थोडंसंच.

१२ सप्टेंबर
वर्गात चार डोकी. बाकीचे पंधरा सप्टेंबरच्या, स्वातंत्र्यदिनाच्या परेडसाठी ढोल बडवतायत. कागद एकट्याने कापला. काक्चिकेल शब्द: एक. मात्योश, म्हणजे आभारी आहे. वापरायची वेळ आली नाही.

१९ सप्टेंबर
ग्लेंडी तुबाक थांबली होती. तेरा वर्षांची, वर्गातला सगळ्यात सफाईदार हात. तिची कात्री कागदावरून अशी जाते की जणू कागदच वाट देतो. (मीच घडवलंय.) हळूच म्हणाली, आई जानेवारीत गेली. हा तिचा पहिला नोव्हेंबर. पतंगावर तिचा चेहरा लावू का, छोटासा, खाली कुठेतरी?
मी समजावून सांगितलं. भावना वेगळी, कला वेगळी. चेहरा आला की एकटेपण गेलं. तिने मान हलवली. समजूतदार मुलगी.

२३ सप्टेंबर
सांगाड्याचा बांबू तोडला. ग्लेंडीचे आजोबा, डॉन माकारियो (डॉन म्हणजे इथलं ‘राव’), काठी टेकत बघायला आले. पन्नास वर्षं पतंगांचे सांगाडे बांधतात. म्हणाले, बांबू पौर्णिमेला तोडायचा असतो, आणि तोडून महिनाभर वाळवायचा. हा ओला आहे, मास्तर.
मी हसून सांगितलं, आमच्या वेळापत्रकात चंद्र बसत नाही.
ते हसले नाहीत.

१ ऑक्टोबर
पाऊस. खळ वाळत नाही. मुलं घरून युका कंदाच्या पिठाची खळ शिजवून आणतात, त्यात लिंबाची सालं घालतात, सगळ्या वर्गाला आंबूस वास. बंद केलं. गोंदाच्या बाटल्या मागवल्या. पतंग जरा जड होईल, पण कामाला वेग.
ओरडलो. एकदाच, पण लांब.

९ ऑक्टोबर
सांध्यांना दोरीऐवजी तार बांधून घेतली. डॉन माकारियो पुन्हा हजर. “मास्तर, दोरी बांबूला धरते, तार बांबूला कापते.” मी म्हणालो, डॉन माकारियो, जग पुढे गेलं. ते म्हणाले, “गेलं असेल. वारा मात्र तोच आहे.”
माणूस चांगला आहे. शिकलेला नाही, त्याला कोण काय करणार.

१६ ऑक्टोबर
धक्का. पतंगाच्या खालच्या कडेला, राखाडीत, तळहाताएवढा चेहरा. बाईचा. कपाळावर रिबीन गुंडाळलेले केस, एक भुवई जरा वर. नुसत्या पातळ कागदाचे थर, एकावर एक, तरी वाटत होतं की आता काहीतरी बोलेल. असं काम मी स्वतः...
असो.
मुलं गेल्यावर त्यावर राखाडी कागद चिकटवला. रचना सुधारली.

१७ ऑक्टोबर
ग्लेंडीने बघितलं. कामाला बसली. एल्मेर माझ्याकडे बघत होता. त्याला वर्गाबाहेर उभं केलं, नजरेबद्दल.

२४ ऑक्टोबर
शाळेचं वर्ष संपलं, नवं जानेवारीत, तरी एकतीसच्या एकतीस मुलं रोज येतात. माझ्यावरचं प्रेम. मुख्याध्यापिका दोन्या कोरिना म्हणतात, ती आपापल्या मृतांसाठी येतात, एवेलिओ. कोरिनाबाईंना कलेतलं कळत नाही.
मोठी बातमी: राजधानीतून वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येणार! कोट इस्त्रीला दिला.

३१ ऑक्टोबर
पतंग पूर्ण. चौघांना उचलावा लागतो. शेजारच्या शाळेचा दोघं उचलतात, पण त्यात आशय कुठे आहे? उद्या सगळ्यांना कळेल.

१ नोव्हेंबर
वारा अचानक वाढला. निसर्गापुढे कोणाचं काय चालतं.
ग्लेंडीला लागलं. जास्त लिहीत नाही.

२ नोव्हेंबर
नीट नोंद ठेवलेली बरी, उद्या कोणी विचारलं तर.
टेकडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. थडग्यांवर पिवळ्या पाकळ्या, लोक डबे उघडून बसलेले. लोक माना वळवून आमच्या पतंगाकडे बघायला लागले. एका म्हातारीने विचारलं, हा कोणासाठी? मी म्हणालो, सगळ्यांसाठी. ती म्हणाली, म्हणजे कोणासाठीच नाही.
आठ मुलं दोराला. ग्लेंडी सगळ्यात पुढे, कारण तिला वारा कळतो. पतंग उचलला गेला. उडाला, हे लिहून ठेवतो. छपरांच्या वर गेला. मग मधला सांधा वाजला. एल्मेर ओरडला, उतरवा, उतरवा! मुलं दोर सोडायला लागली. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, “धरून ठेवा!” एवढ्या गोंगाटात कोण ओरडलं, कसं सांगणार. फोटोग्राफर अजून लेन्स बदलत होता.
मुलांनी धरून ठेवला. बांबू तारेपाशी उभा चिरला. त्याची कामटी भाल्यासारखी खाली आली.
उजवा डोळा.

३ नोव्हेंबर
वर्तमानपत्रात फोटो नाही. शेजारच्या शाळेचा आहे. पक्षी आणि फुलं.

५ नोव्हेंबर
डोळा वाचला नाही.
अपघात कुठेही होतात. गेल्या वर्षी पलीकडच्या गावात खांब पडला होता. बांबू निकृष्ट निघाला, यात माझा काय दोष. गोंदाच्या बाटलीवरही काही सूचना नव्हती.

७ नोव्हेंबर
इस्पितळात गेलो. बसमध्ये भाषण तयार केलं होतं: अनेक मोठे कलावंत एका डोळ्याने काम करत होते, वगैरे. बाहेरच्या बाकावर डॉन माकारियो. म्हणाले, झोपली आहे. मी म्हणालो, थांबतो. ते सरकले, मला जागा दिली. तासभर दोघं बसलो. त्यांनी फडक्यात बांधलेली तमाल, मक्याच्या पिठाची वाफवलेली वडी, बाहेर काढून अर्धी माझ्या हातात ठेवली. मी खाल्ली. भाषण केलं नाही.

८ नोव्हेंबर
‘धरून ठेवा’ मी ओरडलो होतो.

११ नोव्हेंबर
चौकशी लागली. शिक्षण खात्याचा माणूस गावात घरोघर मुलांशी बोलतोय. मला शाळेत यायचं नाही असा निरोप. दोन पत्रं लिहिली. एकात सगळं खरं, दुसऱ्यात राजीनामा. दोन्ही फाडली. कुठे जाणार? वय चौपन्न. राजधानीत मला ओळखणारा कोणी नाही.

१४ नोव्हेंबर
दोन्या कोरिनाने बोलावलं. अहवाल टेबलावर होता, खाली माझ्या सहीची जागा.
वाचला. पुन्हा वाचला. ग्लेंडीचा जबाब: प्रोफेंनी दोरी बांधायला सांगितली होती, मीच घाईत तार बांधली. प्रोफे सोडा म्हणून ओरडले, मला ऐकू आलं नाही. त्याखाली बाकीच्या तीस मुलांचे जबाब. सगळ्यांचे तेच, फक्त ‘मीच’च्या जागी ‘ग्लेंडीने’. शब्दाला शब्द.
मी विचारलं, हे कोणी शिकवलं त्यांना?
बाई खिडकीकडे बघत होत्या. म्हणाल्या, कोणी नाही. इस्पितळात खाटेभोवती बसून त्यांचं त्यांनीच ठरवलं. आजोबाही चिडले होते पोरीवर. खोटं कशाला बोलतेस म्हणाले. तर ती म्हणाली, “आजा, प्रोफेंना दुसरं काय येतं? इथून काढलं तर कुठे जातील बिचारे?”
मी म्हणालो, मी खाली दोन ओळी लिहितो. खऱ्या. बाईंनी पेन पुढे केलं, म्हणाल्या, लिही, जागा आहे.
पेनचं टोपण काढलं.
सही केली. नुसती सही.
बाईंनी कागद फाइलमध्ये ठेवला. 
फाटकाबाहेर एल्मेर होता, वडिलांचं थापी-ओळंब्याचं पोतं खांद्यावर. त्याने विचारलं, “जानेवारीत पण तुम्हीच ना, प्रोफे?”
हो म्हणालो.
“बरं. मग मी नाही येणार. बाबांबरोबर गवंडीकामाला जातो.”
पोतं सावरून उतारावरून चालू लागला. आवाजात राग नव्हता. असता, तर मला काहीतरी म्हणता आलं असतं.