चेरीला खरारा

१३ नोव्हेंबर, मंगळवार

सापडला! शेजारच्या डिल्विनच्या ट्रॅक्टरवर बसून आला. पायात घरातल्या सपाता, कोटाच्या खिशात साखरेचे दोन खडे. तीन मैलांवर, नदीच्या पुलापाशी चालला होता म्हणे. कुठे निघाला होतास? तर म्हणाला, घोडी आणायला. कुठली घोडी? आमच्याकडे साधी कोंबडीसुद्धा नाही!

डिल्विन बिचारा टोपी हातात धरून दारात उभा. मेंढ्या बघायला तो त्या बाजूला गेला नसता तर? मी इडवालचे पाय गरम पाण्यात ठेवले. आधी रागावले, मग रडले, मग परत रागावले. तो माझ्याकडे बघून हसला – पाहुण्याबाईकडे बघून हसावं तसा. ऑक्टोबरपासून माझं नाव त्याच्या तोंडून आलेलं नाही.

१८ नोव्हेंबर, रविवार

मेलेरी कार्डिफहून आली. पोटची लेक, पण हल्ली बोलते डॉक्टरीणबाईंसारखी. स्वयंपाकघरात मला सरळ सांगितलं, "आई, या वेळी बाबा सापडले. आणखी एकदा असे निघून गेले, तर मी तुझं काही ऐकणार नाही. दाराला कुलूप असतं अशा ठिकाणी त्यांना ठेवायचं." मी म्हटलं, सेहेचाळीस वर्षं मी त्याला सांभाळलंय. तर म्हणे, आणि तुला कोण सांभाळणार?  मी आपली सुपासाठी लीकची पात चिरत राहिले.

तो दाराबाहेर पायरीवर बूट पुसत बसला होता. तासभर एकच बूट. त्याला काय कळतंय म्हणा!

फाटकाला कडी लावून ठेवायचं ठरलं. ती कडी त्यानेच बसवलेली. त्याला उघडता येणार नाही होय!

२१ नोव्हेंबर, बुधवार

आज बागेबद्दलच लिहिणार. दुसरं काही नाही.

चेरीची पानं गळून गेली, खोड मोकळं झालं. तिबेटी चेरी. एकोणीस वर्षांपूर्वी आणली तेव्हा नुसती छडी होती, माझ्या अंगठ्याएवढी. फाटकाशी लावली. दर वसंतात खोडावर फुटणारे कोंब अंगठ्याने चोळून काढत आले, म्हणून आज ते इतकं नितळ आहे. डिल्विन दरवर्षी तेच बोलतो – फुलं एवढीशी, फळं पाखरांना, आणि कौतुक कसलं तर खोडाचं! बोलू दे. तीनच्या सुमाराला ऊन तिरपं होतं आणि त्या तांबड्या सालीतून, तिच्या सुटलेल्या पापुद्र्यांतून आरपार येतं. मग मी हातातलं काम सोडते. सगळं फाटक तांबूस होतं. असं वाटतं, आपण कुठे आहोत ते क्षणभर विसरलं तरी चालेल.

(हे मी काय लिहिलं! विसरलं तरी चालेल म्हणे.)

३ डिसेंबर, सोमवार

अरे देवा, माझं झाड! खिडकीतून बघते तर हा शेडमधला घोड्याचा जुना ब्रश घेऊन खोडाला खरारा करतोय. राठ केसांचा ब्रश. वरून खाली, लांब लांब हात, मध्येच थांबून थोपटणं. सालीवर पांढरे ओरखडे! मी इतकी ओरडले की गल्लीपलीकडे ऐकू गेलं असेल.

त्याने मान वळवली. "हळू बोल," म्हणाला. "बुजेल ती."

तेव्हा कुठे उलगडलं मला. ग्वेनो. त्याच्या वडिलांची तांबडी घोडी. हा चौदा वर्षांचा असताना ती घोडेबाजारात विकली. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात एकदाच मला सांगितलं होतं – ती विकली त्या दिवशी तो बाजारातून एकटा चालत घरी आला, हातात रिकामा दोर घेऊन.

मी ब्रश काढून घेतला. तो हात तसाच हवेत धरून उभा राहिला. मला माझीच लाज वाटली.

४ डिसेंबर, मंगळवार

कोमट पाण्याची बादली आणि स्पंज दिला. दाखवलं त्याला – आडवं पुसायचं, सालीवर पट्टे जातात तसं. सुटलेले पापुद्रे ओढायचे नाहीत, खालची ओली साल फाटते. मान डोलावली. उत्तरेकडची हिरवी बुरशी त्याने इतकी हळुवार काढली की मला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं.

दोन तास! दोन तास तो तिथून हलला नाही. मी आज चहा गरम असताना प्यायले.

९ डिसेंबर, रविवार

रोज सकाळी बादली. पाऊस असला तरी. खोड आरशासारखं झालंय.

२६ डिसेंबर, बुधवार

नाताळाच्या गडबडीत शेडचं दार उघडं राहिलं, तर याने दोर शोधून काढला. खोडाभोवती टाकला, घोडेवाल्यांची गाठ मारली. दुसरं टोक हातात. दोर सालीत रुतेल म्हणून माझा जीव खालीवर. शेवटी माझे जुने लोकरी मोजे दोराखाली कोंबले. आता रोज संध्याकाळी मी सोडते, रोज सकाळी तो बांधतो. स्वयंपाकघरातून फक्त त्याची पाठ दिसते.

मेलेरी दोन दिवस होती. बघून म्हणाली, "आई, हे बरं लक्षण नाही." मी म्हटलं, असेल. पण जागेवर आहे ना!

६ जानेवारी, रविवार

धुकं. दरी नाही, रस्ता नाही, चॅपलचं छप्पर नाही. फक्त फाटकापाशी काहीतरी तांबडं, ओलं, जिवंत. त्यातून वाफ निघत होती – कोमट पाण्याची, दुसरी कसली! पण मी हातातला टॉवेल तसाच धरून बघत राहिले. खरं सांगते, तिने मान हलवली. मी तिला साखर न्यायलाही निघाले होते. दारापर्यंत गेले आणि एकटीच हसले.

त्याचं जग इतकं वाईट नाहीये.

१५ जानेवारी, मंगळवार

बाहीचं बटण लावताना त्याच्या डाव्या मनगटावर लाल वळ दिसला. घड्याळाचा पट्टा आवळला असेल. दोन भोकं सैल केला.

२ फेब्रुवारी, शनिवार

स्नोड्रॉपची पांढरी फुलं वर आली. काल पोस्टमन फाटक सताड उघडं टाकून गेला, सकाळभर मला पत्ताच नाही. हा गेला नाही!

११ फेब्रुवारी, सोमवार

मेलेरीचा फोन. कुलपाच्या त्या ठिकाणी एक खोली रिकामी झालीय, फार दिवस राहणार नाही. दरवर्षी आमची बाग लोकांना बघायला खुली असते त्या रविवारी ती कागद घेऊन येणार. मी म्हटलं, ये आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ. म्हटलं खरं. पण त्या दिवशी फाटक दिवसभर उघडं असतं, ओळखीची-अनोळखी शंभर माणसं. तो गेला तर तिच्या डोळ्यांदेखत जाईल.

२४ फेब्रुवारी, रविवार

पाय गळून गेलेत, पण लिहायलाच हवं.

ऊन पडलं! सगळे आले. स्नोड्रॉपकडे कोण बघतंय – आत आले की आधी खोडाला हात. दरवर्षीचंच आहे, "हात लावू नका" अशी पाटी मी मुद्दामच लावत नाही, हातांनी ते आणखी उजळतं. इडवाल खोडाशेजारी उपड्या बादलीवर बसलेला, अंगात चांगला कोट, दोराचं टोक बाहीत गेलेलं. एका लहान मुलीला त्याने शिकवलं, आडवा हात फिरव, असा. तिची आई त्याला माळीबुवा समजली.

चारच्या सुमाराला चहाला झुंबड उठली. मी बारा ब्रीथ, आमचा मनुकांचा पाव, कापत होते. मान वर केली तर बादलीवर तो नाही! सुरी टाकून धावले. मेलेरी माझ्यामागे. तो खोडाच्या पलीकडे उभा होता, कपाळ सालीला टेकून, डोळे मिटून. दोर ताणलेला. फाटक त्याच्यापासून दोन पावलांवर, उघडं.

 जाताना मेलेरी म्हणाली, "आज राहिले. पण रोज राहतील हे कशावरून?" कागद टेबलावर ठेवून गेली. सही माझी हवी. पेन त्यावरच आहे.

२५ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी बादली घेऊन मीही त्याच्याबरोबर गेले. त्याने दोर खोडाला बांधला. मग दुसरं टोक घेतलं आणि बाही वर सारून स्वतःच्या मनगटाला गुंडाळायला लागला. लाल वळ होता तिथेच.

मी म्हटलं, इडवाल, घोडी अशी बांधतात का?

"काही सकाळी घोडी असते, नेरिस," तो म्हणाला. "आज झाड आहे. ही गाठ माझ्यासाठी. त्या दिवशी मेलेरी कुलपाचं बोलली ते मी ऐकलं."

एका हाताने गाठ त्याला नीट बसेना. मी खोडावरच्या दोराखालून एक मोजा काढला, त्याच्या मनगटाला गुंडाळला, आणि गाठ बांधून दिली.