हळदीचा हँडवॉश

चौबे कॉलोनी, रायपूर
६ जानेवारी २०२६

ती. कुमुदआत्यास,
सा. न. वि. वि.

शनिवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. बाबा दाताच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवे होते, तोंडात नळी, आणि मी त्यांची टोपी धरून उभा होतो. तिथल्या मदतनीस मुलीनं त्यांचा चष्मा काढून माझ्या हातात दिला. आत्या, ती अबोली. तिच्या बोटांवर नुसत्या भेगा! मी विचारलं की हे काय झालं. ती हिंदीत म्हणाली की दिवसातून चाळीसदा हात धुवावे लागतात, इथला हँडवॉश सोसत नाही, महिनाअखेर नोकरीच सोडणार आहे. एवढं दुःखाचं बोलली आणि वर हसली. बस. तिकडे बाबा आ-आ करून राहिले होते म्हणे, मला काही ऐकूच आलं नाही.

म्हणजे माझ्याकडे पंचवीस दिवस आहेत. ती गेली तर मी तिला भेटणार कुठे? पुरानी बस्तीत राहते एवढंच कळलंय, आणि बाबांच्या तोंडात दाढा तरी किती उरल्यात! म्हणून ठरवलं की घरीच हात धुवायचा पातळ साबण करायचा, असा मऊ की तिच्या भेगा भरल्याच पाहिजेत, आणि तिनं नोकरी सोडताच कामा नये.

तू हसशील. तीन सेमिस्टर केमिकल इंजिनिअरिंग करून सोडलेला पोट्टा आता साबण करणार. पण कॉलेज मी अभ्यासापायी सोडलं नाही. प्रॅक्टिकलच्या सरांनी सगळ्यांसमोर मले ढ म्हटलं, मी बाहेर पडताना दार असं आपटलं की वरची काच खाली आली, आणि त्याच झटक्यात फोनही फेकला. तेव्हापासून, म्हणजे तीन महिने, बाबा माझ्याशी बोलत नाहीत. समोर बसून आईला सांगतात की त्याले म्हणा, मीठ इकडे सरकव. कॉलेजात परत जात नाही तोवर नवा फोन नाही. तुला तसंही फोनवर ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलंस, तर कृती ताबडतोब पाठव. तू शिकवलंस तसं शुद्ध लिहून राहिलो. राग आला की मले-तुले होते, तेवढं सांभाळून घे.

जगात तुझ्या एकटीचा लोभ शिल्लक आहे, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
ऋषिकेश

*

अमरावती
१० जानेवारी २०२६

चि. ऋषिकेश यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. पान भरून लिहिलंस, पण दादाची दाढ दुखायची थांबली की नाही, हे काही कळलं नाही. अबोलीच्या दहाही बोटांची खुशाली मात्र सविस्तर कळली.

आता कृती. ग्लिसरीनचा साधा, बिनवासाचा साबण घे. एकच वडी. ती किसून दोन लिटर पाण्यात मंद आचेवर विरघळव. उकळी आणू नकोस, उतू जाईल. दोन चमचे ग्लिसरीन घाल आणि झाकून ठेव. दुसऱ्या दिवशी गोळा झालेला दिसला तर घाबरायचं नाही, रवीनं घुसळायचं आणि लागेल तसं पाणी घालायचं. किसणी वेगळी आण, सरलावहिनीच्या रोजच्या किसणीला हात लावू नकोस. आणि मुख्य म्हणजे स्वतःची अक्कल त्यात घालू नकोस. ती दुसऱ्या भांड्यात झाकून ठेव.

एक विचारते. तिचे हात साबणानंच फुटतात, हे कोणी नीट पाहिलंय का? का ती बोलली आणि तू निघालास? लहानपणी तुला आंघोळीचं पाणी तापलं का बघ म्हटलं तर तू बादलीच उचलून आणायचास.

दादाशी तू आपणहून बोल. तो बोलणार नाही, तो माझा भाऊ आहे.

लोभ आहेच, पण तो बेताबेतानं वापर.

तुझी,
कुमुदआत्या

*

चौबे कॉलोनी, रायपूर
१५ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

चमत्कार झाला! पण क्रमानं सांगतो.

तुझं पत्र मंगळवारी आलं. वेगळी किसणी आणायची हे वाक्य मी साबण किसून झाल्यावर वाचलं, त्याला माझा इलाज नाही. त्याच किसणीवर आईनं गाजरं किसली. बाबांनी कोशिंबिरीचा घास घेतला, थोडा वेळ छताकडे पाहिलं आणि आईला म्हणाले की त्याले विचारा, जेवायचं आहे का आंघोळ करायची आहे. काल संक्रांत होती, तरी तिळगूळ त्यांनी माझ्या हातावर ठेवला नाही. आईच्या हातावर ठेवला आणि म्हणाले की हा त्याले द्या, आणि गोड बोलायला सांगा.

वडी मी एक नाही, दहा घेतल्या. प्रेमात एक वडी कुठे पुरते? गणपतीच्या प्रसादाचं मोठं पातेलं काढलं. सकाळी झाकण उचललं तर आत नुसता शेंबूड. दुसरा शब्द नाही. चमचा वर काढला की अख्खं पातेलं सोबत यायला बघे. मग रवीनं दीड तास घुसळलं, हात गळून आले, आणि झालं एकदाचं पातळ, दुधासारखं.

पण फारच पांढरं दिसून राहिलं होतं. इतक्या कोरड्या रंगाची वस्तू मुलीला द्यायची कशी? तेवढ्यात आठवलं की पायाच्या भेगांना आई हळद लावते. मोठे सहा चमचे हळद ओतली. आणि आत्या, पिवळी हळद साबणात पडली आणि डोळ्यांदेखत लाल झाली! लाल! हा इशारा नाही तर काय आहे? आई मागून कपड्यांच्या डागांचं काहीतरी सांगून राहिली होती, माझं लक्ष नव्हतं. चाळीस बाटल्या भरल्या. उद्या पहिली अबोलीला नेऊन देतो. परवा बाबांच्या दाढेची पुढची पाळी आहे, तेव्हा हात किती सुधारले ते पाहीन.

तुझ्या लोभाला आता रंग चढला, असं समज.

तुझा,
ऋषिकेश

*

चौबे कॉलोनी, रायपूर
१८ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सगळं संपलं. हे पत्र मी रागात लिहून राहिलो, तेव्हा मले-तुले माफ.

शुक्रवारी बाटली दिली. अबोलीनं ती बेसिनवर ठेवली आणि दोनदा धन्यवाद म्हणाली. दोनदा! काल बाबा खुर्चीवर आडवे झाले. डॉक्टर मीरांनी दाढ कोरली, त्यात तात्पुरतं भरलं आणि मध्येच हात धुवायला वळल्या. हात धुता धुता बाबांना धीर द्यायला म्हणून दोन्ही हात वर करून मागे पाहिलं. मनगटापर्यंत लालभडक, आणि खाली थेंब गळून राहिलेले!

बाबांनी अशी किंकाळी फोडली की बाहेर बसलेल्या दोन बाया उठून घरी गेल्या. तोंडातली नळी उपसून, गळ्यातला कागदी रुमाल तसाच ठेवून बाबा पळाले ते थेट चौकात. रेल्वेत पस्तीस वर्षं गार्ड होते, पण त्यांना कोणी पळताना पाहिलं नव्हतं. चहावाल्या भैयानं त्यांना बाकावर बसवलं आणि विचारलं की किती दात काढले.

डॉक्टर मला हिंदीत म्हणाल्या की हा रंग घरी घेऊन जा. मले राग आला. मी म्हटलं की तुमच्याच हँडवॉशनं हिचे हात फुटले, मी बरे करून राहिलो तर तुम्हाले पोटात दुखते. आणि निघालो. दार आपटलं. 'डॉक्टर आत आहेत' ही पाटी खिळ्यासकट माझ्या पायाशी पडली, आणि मी रागारागात ती उचलून घरी घेऊन आलो! आता ती माझ्या पलंगाखाली आहे. डॉक्टर कुठे आहेत हे तिकडे कोणालाच कळत नसेल.

लाली घालवायला दोन बाटल्यांत लिंबू पिळलं. रंग पिवळा झाला, पण साबण नासक्या दुधासारखा फुटला. बाबा म्हणतात, म्हणजे आईला म्हणतात, की दाढ सडली तरी त्या दवाखान्याची पायरी चढणार नाही. मग मी कोणत्या तोंडानं चढू? तेरा दिवस उरले, आणि मी तिला परत पाहणार नाही.

लोभ ठेवण्यासारखं माझ्यात काही उरलेलं नाही. तरी ठेव.

ऋषिकेश

*

अमरावती
१९ जानेवारी २०२६

चि. ऋषिकेश यास,
अ. उ. आ.

तुझं पंधरा तारखेचं पत्र आत्ताच वाचलं. अरे, काहून घातलीस हळद! हळद साबणात लाल होते, ते रसायनशास्त्र आहे, प्रेम नाही. साडीवरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे धुणं धुतलेल्या प्रत्येक बाईला माहीत असतं. वहिनी तेच सांगत होती. तुझ्या तीन सेमिस्टरांत कोणी धुणं धुतलं नाही वाटतं. ती बाटली कोणालाही देऊ नकोस, दवाखान्यात तर मुळीच नको. दादा रक्ताला किती भितो ठाऊक आहे ना? विळीवर माझा अंगठा कापला होता तेव्हा टाके घालायला आलेल्या डॉक्टरांनी आधी दादाला शुद्धीवर आणलं. लिंबूही पिळू नकोस, फुटेल.

ता. क. (गुरुवार, २२) गुडघ्यामुळे पत्र टाकायला गेले नाही, तोवर तुझं दुसरं आलं. शेजारच्या बाई विचारायला आल्या की मी एकटीच का हसते आहे.

आता ऐक. सातवीच्या वर्गाला मी दरवर्षी दाखवायचे तेच दादाला दाखव. समोर बस, तळहातावर हळद घे, वर साबणाचा थेंब टाक. त्याच्या डोळ्यांसमोर लाल होऊ दे. बोलू नकोस, नुसतं दाखव. मग पाटी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि माफी माग. आणि बाळा, तुझं भांडण कोणाशीही असो, दारानं तुझं काही बिघडवलेलं नसतं.

लोभ आहे तसाच आहे, लिंबानंही फुटणार नाही.

तुझी,
कुमुदआत्या

*

रायपूर
२८ जानेवारी २०२६

श्री. ऋषिकेश यांस,
स. न. वि. वि. आईनं सांगितलं की मराठीत असंच लिहितात, म्हणून लिहिलं.

मले मराठी समजते, पण बोलताना हिंदीच निघते. शाळेनंतर लिहायची ही पहिलीच वेळ, हसू नका. तुमच्याकडे फोन नाही असं तुमच्या आई सांगत होत्या, म्हणून चिठ्ठी. माझी आई तुमच्याकडे हळदीकुंकवाला आली होती. तुमच्या आईंनी वाण म्हणून तुमचा लाल साबण वाटला ना? आता आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सगळ्या बाया तळहातावर हळद घेऊन माझ्या आईकडे येतात, कुंकू करून दाखव म्हणतात.

मॅडम रागावल्या नाहीत. तुम्ही पाटी उचलून घरी नेली तेव्हा इतक्या हसल्या की पुढच्या पेशंटला थांबवून ठेवावं लागलं. मग त्यांनी माझे हात पाहिले. साबणाचा काही दोष नव्हता. ग्लोव्हजमधल्या पावडरची अ‍ॅलर्जी आहे म्हणे. बिनपावडरचे ग्लोव्हज आणले, आता अर्ध्या भेगा भरल्या. मी नोकरी सोडून नाही राहिले. तुम्ही भांडले नसते तर कोणी पाहिलंच नसतं. तुमच्या साबणानं मी स्कूटी धुतली. चमकते. सीट गुलाबी झाली.

तुमच्या बाबांची दाढ अर्धीच भरली आहे, ते काहून येत नाहीत? शनिवारी अकरा वीसचा नंबर लावून ठेवला. त्यांना घेऊन या, आणि पाटीपण आणा. दिवसभर मलाच सांगावं लागते की डॉक्टर आत आहेत. एक वाजता माझी सुट्टी होते. बुढा तालाबपर्यंत पायी जाता येते. मले काही बोलायचं आहे, साबणाचं नाही.

शेवटी लोभ असावा असं लिहितात म्हणे. असावा.

अबोली

*

चौबे कॉलोनी, रायपूर
३१ जानेवारी २०२६, सकाळी साडेदहा

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घाईत लिहून राहिलो. सोबत अबोलीची चिठ्ठी नकलून पाठवतो. मूळ देणार नाही.

तुझं पत्र या मंगळवारी आलं. त्याच दुपारी बाबांच्या समोर बसलो, हळद घेतली, थेंब टाकला. लाल. बाबांनी पेपर खाली केला. आईला म्हणाले की त्याले म्हणा, आणखी एकदा दाखव. सात वेळा दाखवलं, आत्या. आठव्या वेळी त्यांनी आपला तळहात पुढे केला. मी हळद ठेवली, थेंब टाकला, आणि ते बराच वेळ स्वतःचा हात उलटासुलटा करून पाहत बसले. मग पुन्हा आईलाच म्हणाले की हे असं होतं तर आधी काहून नाही सांगितलं. आई म्हणाली की मी दोघांनाही सांगून राहिली होती, या घरात ऐकते कोण.

तरी दवाखान्याला मात्र नाहीच म्हणाले. पण काल संक्रांतीचा उरलेला तिळाचा लाडू खाल्ला आणि दाढेतलं भरलेलं सगळं निघून आलं. आज गाल वांग्याएवढा आहे. मी पाटी पुसून पिशवीत घातली, खिळा कागदात गुंडाळला, एकाच वडीच्या नव्या पांढऱ्या साबणाची एक बाटली भरली. त्यात काहीच घातलेलं नाही, अक्कलसुद्धा नाही. वळून पाहतो तर बाबा टोपी घालून दाराशी उभे.

आणि आत्या, ते माझ्याशी बोलले! थेट! म्हणाले की कुमीला लिहून राहिला असशील तर दाढ दुखते म्हणून लिही, तिनं विचारलं होतं. आई हात पुसत स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं निरोप द्यायला बोलावलं. बाबा तिला म्हणाले की तुमचं काही काम नाही. मग मला म्हणाले, लवकर आटप पोट्ट्या, अकरा वीसचा नंबर आहे, आणि दार हळू लाव.

अबोलीला काय बोलायचं असेल? तू रसायनशास्त्राची आहेस, तुला विचारून उपयोग नाही.

लोभ आज जरा जास्त ठेव, एक वाजेपर्यंत तरी.

हे शेवटचं बाहेर पायरीवर लिहून राहिलो, बाबांच्या पाठीवर कागद ठेवून. त्यांना गुदगुल्या होतात, म्हणून अक्षर असं. दार लावलं. हळू. आईला कळलंसुद्धा नाही, ती आतून अजून विचारते आहे की गेलात का.

तुझा,
ऋषिकेश