काकूंसाठी मोठं अक्षर

गुरुजी, तुम्ही गेलात आणि तुमच्या पुस्तकांचा पसारा माझ्या गळ्यात पडला, त्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही. आज करतो. काकूंचा एक डोळा तुमच्या मागे गेला. दुसऱ्याबद्दल डॉक्टर म्हणतात, आहे तोवर वापरून घ्या. आणि तुमच्या या पत्नीने हट्ट धरलाय, की तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून जे जाडजूड कथांचं पुस्तक वाचून दाखवायचात, ते एकदा स्वतःच्या डोळ्याने वाचायचं. "तुजे गुरुजी वाचायचे तवा माजं अर्धं ध्यान भाकरीत असायचं रे. आता भाकरी नाय न् गुरुजी पन नाय. मला मोठं अक्षर करून दे." मुरबाडहून फोनवर हुकूम सुटला आणि इकडे शहापुरात मी 'हो' म्हणून मोकळा झालो. इतकी सुभाषितं पाठ करून घेतलीत, त्यात 'माहीत नसताना हो म्हणू नये' एवढं एक बसलं नसतं?

मग ई-रीडर घेणं आलं. कल्याणचा दुकानदार म्हणाला, "काका, यात सगळं चालतं." या 'सगळं'ला जे अपवाद निघाले, ते तुमच्या व्याकरणाच्या तासालाही ऐकले नव्हते. पुस्तकाची पीडीएफ मिळाली, तर तिच्यात अक्षर मोठं केलं की ओळ उजवीकडून पडद्याबाहेर निघून जाते. अर्धं वाक्य वाचायचं, बोटाने पान सरकवायचं, उरलेलं शोधायचं. म्हणून अक्षर मोठं केलं तरी ओळ पानातच ठेवणारी ईपब फाइल रीतसर विकत घेतली. ती विकणाऱ्याच्याच ॲपमध्ये उघडते, या यंत्रात नाही. तिला कुलूप आहे. म्हणजे आपलं तानसाच झालं, धरण आपल्या उशाला आणि पाणी मुंबईला. एका भल्या माणसाने जुन्या फॉन्टात टाइप केलेली फाइल धाडली, ती उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि कंसांची खिचडी. तुम्ही प्रतिपदेला अनध्याय पाळायचात आणि आम्ही विटीदांडू घेऊन पळायचो. हे यंत्र तर पौर्णिमा म्हणत नाही, अमावास्या म्हणत नाही, रोजच अनध्याय पाळतं.

शेवटी तुमचंच पुस्तक घेऊन बसलो. पानापानाचा फोटो काढायचा, संगणकाकडून अक्षरं ओळखून घ्यायची आणि त्याने केलेले अपराध हाताने निस्तरायचे. तसं करत करत त्या धाकट्या भावाच्या गोष्टीपाशी आलो. मी तुमच्या दाराशी रूपं घोकत बसायचो तेव्हा ती कितीदा तरी ऐकलेली. तुमच्या वाचनात शेवटी धाकटा काशीला जातो, तिथे मोठा पंडित होतो. आणि इथे छापील पानावर तो तापाने मरतो, गुरुजी. आईच्या मांडीवर. काशीचं नावसुद्धा नाही. तुमचं आणि काकूंचं पोर तापाने गेलं, त्यानंतरच तुम्ही काकूंना वाचून दाखवायला लागलात, हे गावाला ठाऊक होतं. पण आम्हाला एक विसर्ग गाळला तरी कान पिळणारे तुम्ही, आख्खं पान गाळत होतात?

गेल्या रविवारी यंत्र घेऊन मुरबाडला गेलो. काकूंनी आधी त्याला हळदकुंकू वाहिलं, मग पोथीसारखं ओळीखाली बोट ठेवून वाचायला बसल्या. बोट लागलं की पान उलटतं! "अरे, ह्ये पलतंय कुठं? मी अजून हितंच हाय!" कितीदा सांगितलं, काकू, बोट लावू नका. बोटाशिवाय वाचणं त्यांना जमेना. शेवटी उदबत्तीची न पेटवलेली काडी हातात दिली, तिला यंत्र दाद देत नाही. मग काडी ओळीखालून सरकू लागली, ओठ हलू लागले. मी ओटीवर चहा घेत बसलो. दुपार कलताना हाक आली.

"ह्या पोराला ताप आला, न् पुढं दुसरीच गोष्ट. मधलं कुठं गेलं?"

"फॉरमॅट जुळत नाहीये, काकू. तेवढं एक पान."

त्यांनी काडी खाली ठेवली. "तुजे गुरुजी पन हितंच पानी मागायचे. पानी पिऊन झालं का पोरगं काशीला. मला काय कलत नव्हतं रे? त्यांना वाचवत नव्हतं, म्हनून मी काय बोलले नाय." मग पदराने तो डोळा पुसून म्हणाल्या, "फारमाट का काय ते जुलव. डोला हाय तंवर वाचू दे मला."

पान कधीचं तयार आहे. या रविवारी चढवणार, हे नक्की. हे तुम्हाला पाठवायची कसलीच सोय नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो: त्या वाचतील तेव्हा शेजारी बसायचं, की ओटीवर निघून जायचं, एवढं मला अजून ठरवता आलेलं नाही.