कोंड्यावरचा हात

ओतारू, ३ ऑक्टोबर १९९४

ती. भावोजींस,
मित्सुएचा सा. न. वि. वि.

ताई गेल्यानंतरचा एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी तुम्ही एकट्याने नीट पार पाडलात. गुडघ्यामुळे मला येता आले नाही, त्याची रुखरुख आहे. तुम्ही पाठवलेला चहा पोचला. आमचे हे म्हणाले, घरात चहाची पत्ती कुठे असते हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांनी चहा चांगला निवडला.

एक मागणे आहे. वसंतात मी इस्पितळात होते, तेव्हा यांनी माझी भाज्या मुरवायच्या तांदळाच्या कोंड्याची बरणी, वास येतो म्हणून रिकामी केली. आईचा कोंडा आता फक्त ताईच्या बरणीत उरला. विरजणापुरता दोन मुठी पाठवाल का? रोज ढवळता ना? की तेही मीच येऊन सांगायचे?

जेवणाची आबाळ करू नका. आमच्यावरची माया आहे तशीच राहू द्या.

तुमची
मित्सुए


नागोया, ११ ऑक्टोबर

चि. सौ. मित्सुएस अ. उ. आ.

पत्र मिळाले. कसे लिहावे ते सुचत नव्हते म्हणून उशीर झाला. कोंडा गेला. माझ्या हातून गेला.

फुसाएला इस्पितळात न्यायचे होते, त्या सकाळीही तिने बरणी ढवळली आणि कोंडा वरून थापून सपाट केला. तीन दिवसांनी ती गेली. घरी येऊन मी झाकण उघडले तर तिच्या तळव्याचा ठसा तसाच होता. ढवळले असते तर तो मोडला असता. मी झाकण लावले आणि बरणी देव्हाऱ्यासमोर ठेवली. रोज उघडून बघत असे. ऑगस्टचा उकाडा होता. आधी पांढरी बुरशी आली, मग काळी. शेवटी ठसाही राहिला नाही आणि कोंडाही नाही.

चाळीस वर्षे तिच्या हातचा मुळा खाल्ला आणि मला एवढे कळले नाही. तुझ्या आईची वस्तू मी घालवली. क्षमा कर. तुझ्या यजमानांना नमस्कार. मनात राग न धरता लिहीत जा.

तुझा भावोजी
शिगेयोशी


ओतारू, १६ ऑक्टोबर

ती. भावोजींस सा. न. वि. वि.

रागावणार होते, पण पत्र संपेपर्यंत राग उरला नाही. रडून झाल्यावर यांना वाचून दाखवले. हे म्हणाले, चला, आता दोघे जावई एका पंगतीला बसले.

आमच्या माहेरी, यानाकाच्या गल्लीत, कुणाचा कोंडा बिघडला की शेजारून मूठभर आणायची रीत होती. आईने अर्ध्या गल्लीला दिलेला आहे. जाऊन बघा. तोफूवाले, कोपऱ्यावरचा न्हावी आणि खडावांना बंद लावणाऱ्या इसोगाईकाकू. तोंड उघडून मागा मात्र. ताईला मागणी घालायला आलात तेव्हा तासभर हवापाण्यावर बोलून तसेच निघाला होतात. बाबांनीच मागून हाक मारली म्हणून बरे.

दुखणे एकट्याने सोसू नका. दोन ओळी का होईना, लिहीत राहा.

तुमची
मित्सुए


नागोया, २९ ऑक्टोबर

चि. सौ. मित्सुएस अ. उ. आ.

यानाकाला जाऊन आलो. स्मशानाच्या भिंतीवर मांजरे अजून ऊन खात बसतात. तोफूवाल्यांच्या दाराला कुलूप आहे. न्हाव्याच्या सुनेने सांगितले की त्यांची बरणी सासूबरोबरच गेली. माझे वाढलेले केस बघून ते कापूनच तिने मला सोडले.

इसोगाईकाकू आहेत. त्र्याऐंशीच्या झाल्या. दुकानात शिरून मी तू लिहिलेस तेच केले. हवापाण्यावर बोललो आणि बंदांची एक जोडी मागितली. कुणाच्या मापाची, असे त्यांनी विचारले. बायकोच्या, असे तोंडून गेले. मग ती बरोबर का नाही हे सांगावे लागले.

त्यांनी सुई खाली ठेवली. फुसाए म्हणजे तोकुजीची थोरली लेक ना, असे विचारले. मग मी कोंड्याचे विचारले. या वेळी मागून कुणी हाक मारायची गरज पडली नाही.

त्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. अकरा वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झाली तेव्हा काकूंचा कोंडा नासला होता. ते कळताच फुसाए इथून डबा रुमालात बांधून घेऊन गेली होती. मला तिने आईबाबांच्या थडग्यावर जाऊन येते एवढेच सांगितले होते. म्हणजे काकूंच्या बरणीत आहे तो फुसाएच्या हातचा कोंडा.

काकूंनी मला बाह्या वर करायला लावल्या. मी बोटे बुडवली तर म्हणाल्या, "कोपरापर्यंत घाला, ते काय चावतंय?" ढवळता ढवळता मी त्यांना ठशाचे सांगितले. तुझ्याखेरीज कुणाला सांगितले नव्हते. त्या हसल्या नाहीत. "जावईबापू, तो ठसा ती स्वतःच रोज सकाळी मोडायची. तुम्ही का जपत बसलात?"

बंद मात्र त्यांनी माझ्या मापाचे दिले.

तुझा वाटा आज थंड पार्सलने पाठवला आहे. यजमानांना त्याच्यापासून लांब ठेव. माझा पहिला मुळा फार खारट झाला. दोन फोडी देव्हाऱ्यात ठेवल्या, बाकीचा संपवला. तू रागावली असतीस तर मी घरातच बसून राहिलो असतो. तुझे उपकार मानायचे राहून जाऊ नयेत, म्हणून लिहितो.

संध्याकाळी ढवळून झाले की कोंडा वरून थापतो. माझा तळवा तिच्यापेक्षा मोठा, बरणीत जेमतेम मावतो. सकाळी उठलो की आधी तो ठसा मोडतो.

तुम्हा दोघांच्या मायेवर माझा हक्क असाच राहू द्या.

तुझा भावोजी
शिगेयोशी