उघडा भाव

॥ श्री ॥
अमरावती, मार्गशीर्ष शु. ५, शके १७८५

तीर्थरूप सहदेवदादांचे सेवेशी, धाकटी बहीण मैना हिचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. अक्षर पाहून हसू नका. हे शेजारी बसून अक्षरं सांगतात आणि मी बोरू ओढते. मागच्या वर्षी यांच्या उजव्या हाताची दोन बोटं रेच्यात गेली, तेव्हापासून लिहिणं माझ्याकडे आलं. कापसातून सरकी काढायचा तो मेला रेचा आम्हीच हौसेने आणला होता, तेव्हा गाऱ्हाणं कोणाकडे करायचं! आता चार रेचे आहेत. हे गावोगाव फिरून कापूस आणतात, मी बायका लावून रुई काढून घेते. सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई पेटली आहे म्हणे, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून मुंबईचे दलाल इथे धूळ खात फिरतात.

आता मुख्य मजकूर. बाजारातला सौदा कसा होतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं धरायची. दोन धरली तर दोन, सारा पंजा धरला तर पाच. मागच्या महिन्यात एका दलालाने यांचा सारा पंजा दाबला. हे समजले, पाच. रुमाल काढल्यावर तो म्हणाला की तीन, कारण हातात बोटंच तीन आली. भोवतालचे अडते पोट धरून हसले. रुमालाखाली साक्षीदार कोण? माल त्याच भावाने द्यावा लागला. हे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजले. दादा, माझ्या अंगाची लाही लाही झाली.

पुढच्या सौद्याला मीच गेले. दलालाने रुमाल पसरला. मी त्याला सांगितलं की परक्या पुरुषाचा हात मी धरणार नाही, मले देवानं तोंड देलं हाये, भाव तोंडानं सांगीन. आणि सांगितला, असा की पलीकडच्या गाडीचे बैल माना वळवून पाहू लागले. आता रोज असंच चालतं. हे म्हणतात, रेच्याला दोन बोटं दिली आणि बदल्यात हा नगारा मिळाला.

तुमची लेक जयवंता हिचं लग्न माघात ठरलं हे ऐकून जीव सुपाएवढा झाला. भाचीला हळद लावायला आत्या आठ दिवस आधी येणार, हे वहिनींना सांगावं. त्यांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.

मैना

॥ श्री ॥
पातूर, मार्गशीर्ष व. ११, शके १७८५

चि. सौ. मैनाबाईस सहदेवचे अ. उ. आ.

पत्र पावले, मजकूर समजला. हे उत्तर चावडीत बसून कुळकर्ण्यांच्या हातून लिहविले आहे. पंच मंडळी हजर आहेत.

अकोल्याच्या बाजारातून इकडे अशी बातमी आली की पातूरची लेक अमरावतीस दलालांबरोबर रुमालाखाली हात घालून बसते आणि वर ओरडते. दोन्ही गोष्टी एकदम कशा होतात, असे आम्ही विचारले. त्यावर पंच म्हणाले की बाजारात बसणाऱ्या बाईच्या बाबतीत सर्व काही होते.

जयवंताचे सासर नांदगाव खंडेश्वरचे. तेथे हे कानी गेल्यास सोयरीक मोडेल. सबब पंचांचा निवाडा असा की दुकान बंद करावे, अथवा तू घरात बसून तुझे यजमान चंद्रभानजी यांस बाजारात धाडावे. तसे न केल्यास लग्नाची अक्षत तुझ्या घरी येणार नाही आणि माहेरचा उंबरा तुला बंद समजावा.

ढवळ्या बैल लंगडतो आहे. तुझी वहिनी माझ्याशी बोलत नाही. बाकी क्षेम. आशीर्वाद आहेत ते आहेतच.

सहदेव

॥ श्री ॥
अमरावती, पौष शु. ३, शके १७८५

ती. दादांस सा. न. वि. वि.

कुळकर्ण्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे. त्यातलं एकही वाक्य तुमचं वाटलं नाही, पण खाली नाव तुमचं होतं, म्हणून उत्तरही तुम्हालाच देते. ते चावडीत वाचावं, आणि मोठ्याने वाचावं.

दुकान बंद होणार नाही.

रुमालाखाली हात घालायचा नाही, म्हणूनच मी तोंड उघडलं. घातला असता तर कोणाला काही ऐकू आलं नसतं आणि पंच सुखाने झोपले असते. झाकून लुबाडलं ती रीत आणि उघड बोललं ती बेअब्रू, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

मधे काही दिवस दलालांनी आमच्याकडे यायचं सोडलं होतं. रेचे गप्प होते. रुईचे ढीग पाहून मला रडू यायचं, हेही लपवीत नाही. पण कापूस घेतानाही मी भाव उघडच बोलते, आणि ते शेतकऱ्यांना आवडलं. त्यांचं म्हणणं असं की मैनाबाई बोलली ते साऱ्या बाजारानं आयकलं, आता तिले फिरता येत नाही. गाड्या आमच्या दारी लागल्या. तसे दलालही धुळीपायी नाकाला रुमाल लावून परत आले. रुमालाचा आता तेवढाच उपयोग.

तुमचं पत्र वाचून हे म्हणाले की तुझ्या माहेरापायी मी खुशाल तीन बोटांनी सौदा करीन, लोक हसले तर हसोत. मीच नाही म्हटलं. ज्याने रेचा, घर, शब्द, सगळं माझ्याशी अर्धंअर्धं वाटून घेतलं, त्याचं चारचौघांत हसं करून मी कोणत्या तोंडाने हळदीला येऊ?

जयवंता लहानपणी माझ्याच कडेवर असायची. तिला हळद लावायला माझे हात शिवशिवतात. उंबरा बंद करायचाच तर तुम्ही स्वतः करा, दादा, कुळकर्ण्यांकडून नको. मी अक्षतीवाचून येईन, दारात उभी राहीन आणि तुमच्या तोंडून ऐकेन.

यांचा रामराम. राग धरला तरी आठवण सोडू नये.

मैना

॥ श्री ॥
पातूर, पौष व. १, शके १७८५

चि. मैनास अ. उ. आ.

हे मी माझ्या हातानं लिवतो. पंतोजीच्या छडीनं जेवढं शिकवलं तेवढंच येते, चुकभूल पोटात घाल.

तुझं पत्र चावडीत वाचलं. कुळकर्णी ओठातल्या ओठात वाचत होते, म्हणून मी ओढून घेतलं आणि उभं राहून वाचलं. अडखळलो, पण शेवटपर्यंत वाचलं. मागच्या पत्राला हो म्हटलं तेव्हा मला पंचांची भीती होती. तुझं वाचताना माझी मलाच लाज वाटली.

तिथून तसाच नांदगावला गेलो. व्याह्यांना म्हणालो की आत्या हळदीला येणार. ज्या घराले तिचा आवाज सोसत नाही, त्या घरात माह्या पोरीनं तोंड कुठं उघडावं? व्याह्यांनी कातरलेली सुपारी माझ्यापुढे केली. मग विचारू लागले की अमरावतीले कापसाचा भाव काय चालू हाये. लग्न ठरलं तसं आहे.

पंच जेवायला येणार नाहीत. नाही तर नाही. पंगत लहान होईल, तूप वाचेल. तुझी वहिनी पुन्हा बोलायला लागली, आता थांबत नाही.

यंदाचा कापूस अकोल्याला देत नाही. वाट लांब आहे, पण मंगळवारी अमरावतीकडे गाड्या जुंपतो. मी तुझा कोण, हे बाजारात आधी सांगू नको. भाऊ म्हणून भाव चढवलास तर माल परत नेईन. चंद्रभानजींना शेजारी उभं कर आणि रोज बोलतेस तशीच बोल. भाव पटला की अक्षत भर बाजारात तुझ्या हातावर ठेवतो. ज्याला पाहायचं त्यानं पाहावं.

तुझा दादा
सहदेव