व्हॅनमध्ये पाणी चालू करण्याचं काम

१८ एप्रिल, सकाळ
व्हॅन शेडमधून बाहेर काढली. पहिल्या झटक्यात सुरू झाली. (शेजारच्या नॉर्बर्टने त्याच्या गाडीची बॅटरी जोडून दिली, पण किल्ली मीच फिरवली.) बर्फ आता फक्त अंगणाच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात. माझ्या दृष्टीने हिवाळा संपला.

बेत ठरला. पाण्याचं काम एका दुपारी उरकायचं. टाकी धुवायची, पाइपांत पाणी सोडायचं, नळ तपासायचे. पाच मेला निघायचं. माझ्या बायकोच्या, व्हर्नाच्या, थोरल्या बहिणीचं, आयरिसचं, बारा तारखेला डोंगरापलीकडे केलोनामध्ये हृदयाचं ऑपरेशन आहे. झडप बदलणार. आयरिस एकटी राहते, म्हणून व्हर्ना आधी पोचायला हवी. व्हर्ना म्हणाली, मी विमानाने जाऊ का? मी म्हणालो, दारात व्हॅन उभी असताना विमान? रॉकी पर्वताच्या माथ्यावर थांबू, स्वतःच्या नळाच्या पाण्याचा चहा पिऊ. ती उठून भांडी घासायला गेली. म्हणजे पटलं.

१८ एप्रिल, दुपार
टाकी भरली. पंप लावला. छान घरघर. सिंकच्या नळाला थेंब नाही. पाणी सिंकखालच्या कपाटाच्या दारातून आलं.

आतल्या पाइपाच्या वळणावरच्या प्लास्टिकच्या एल्बोला चीर गेली आहे. एकच चीर. किरकोळ.

व्हर्नाने विचारलं, थंडीआधी ते गुलाबी औषध पाइपांत भरलं होतंस ना? पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून लोक ते भरतात. मी भरत नाही. आपण पितो त्या पाइपात रसायन? मी गादीत हवा भरायच्या पायपंपाने सगळं पाणी फुंकून काढलं होतं. सगळं म्हणजे जवळजवळ. उरलेलं आपोआप सुकायला हवं होतं. माझी अख्खी नोकरी शेतकऱ्यांच्या गव्हातला ओलावा मोजण्यात गेली. ओलावा कुठे असतो ते मला शिकवायला नको.

२१ एप्रिल
नवा एल्बो बसवला. सिंकखाली आता ठणठणीत कोरडं. शॉवरमागे गळतंय. म्हणजे पाणी तिथवर पोचलं. प्रगती आहे.

२३ एप्रिल
रात्रभर टाकी भरलेलीच ठेवली. टिकाव बघायला. रेडिओवाला उणे नऊ, उणे नऊ ओरडत होता. त्याला भीती घालायचाच पगार मिळतो.

२४ एप्रिल
उणे अकरा.

पंपाच्या तोंडाशी गाळणीची वाटी असते, ती फुटली. एक गोष्ट चांगली झाली, शॉवरची गळती बर्फामुळे पूर्ण थांबली आहे. व्हर्नाला सांगितलं. ती कोबीच्या पानांत भात भरत होती. म्हणाली, हो का. आणि पान गुंडाळलं. फार घट्ट गुंडाळलं असं वाटलं.

२७ एप्रिल
आयरिसचा फोन. व्हर्नाने स्पीकरवर टाकला होता. आयरिस म्हणते, का गं, तो येतोय की त्याची टाकी येतेय? मी तिथेच उभा आहे हे तिला ठाऊक नसावं. मी खाकरलो, तर म्हणाली, हां, ऑरेस्ट, तुलाच विचारतेय. आजार अजून जिभेपर्यंत पोचलेला नाही.

मी तिला शब्द दिला. पाच तारखेला निघतो, सातला दारात. ती म्हणाली, मला दारात कोणी नको रे, मला रात्री घरात कोणीतरी हवंय. मग, झोप लागत नाही मला. एवढंच म्हणाली. लगेच व्हर्नाने स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. मी पाने-पक्कड आवरायला गेलो.

३० एप्रिल
नॉर्बर्ट कुंपणावरून म्हणाला, दे ना गावातल्या वर्कशॉपला, मोकळा होशील. मी म्हणालो, बाबा रे, आज व्हॅन दुसऱ्याच्या हाती दिली की उद्या काय काय द्यावं लागेल? तो म्हणाला, मी फक्त व्हॅनचं म्हणत होतो.

ठराव: नॉर्बर्टशी पाण्याबद्दल बोलायचं नाही.

३ मे, दुपार
कुठेही गळत नाही!! सिंक कोरडं. शॉवर कोरडा. पंप दाब धरून चूप. मी व्हॅनच्या जमिनीवर गालिच्याला गाल लावून पडून राहिलो. कोरडा. व्हर्नाला हाक मारली, बघायला ये. ती आली, बघितलं, म्हणाली, मग उद्या सकाळी निघूया का?

असं घिसाडघाईने होत नाही. आधी टाकीत ब्लीच घालून जंतू मारावे लागतात. सूचनांत अर्धा कप लिहिलंय. ते सामान्य जंतूंसाठी. आमचे अख्खा हिवाळा तिथे राहिलेले. बाटली ओतली.

४ मे
डोळे चुरचुरताहेत. व्हॅनला सार्वजनिक पोहण्याच्या तलावाचा वास. ब्लीचचं पाणी सोडून दिलं, ते उताराने नॉर्बर्टच्या हिरवळीत गेलं. गवताला पाणी लागतंच.

मध्येच एक गोष्ट. व्हर्नाची सुटकेस मी काल व्हॅनमध्ये नेऊन ठेवली होती. तिला विश्वास वाटावा म्हणून. गरम पाण्याच्या पाइपाला एक सांधा आहे, तो माझ्या नजरेतून सुटला होता. सुटकेसच्या बरोबर वर, ब्लीचचं पाणी तिथून टपकत राहिलं. निळा ड्रेस होता. हॉस्पिटलात घालायला इस्त्री करून ठेवलेला. मी म्हणालो, ढगांसारखं दिसतंय, आकाशात पांढरे ढग. तिने ड्रेस उलगडून उजेडात धरला. मग पुन्हा घडी घातली. मला वाटतं दुसरं कोणी असतं तर ओरडलं असतं. आमचं लग्न तसं नाही.

५ मे
निघणं उद्यावर. फक्त एक सांधा.

७ मे
वर्कशॉपच्या दुकानात तो सांधा मिळाला नाही. जवळपास तसाच एक मिळाला.

नॉर्बर्टच्या हिरवळीत पिवळा पट्टा पडला आहे. मी म्हणालो, उशिराची थंडी, काय करणार. तो म्हणाला, थंडी एवढी सरळ रेषेत कधी पडली रे? ठराव मोडून उत्तर दिलं नाही. म्हणजे ठराव पाळला.

८ मे
जवळपास तसाच सांधा जवळपास बसतो.

९ मे
आयरिसचा फोन आला. व्हर्ना तो घेऊन बाथरूममध्ये गेली, दार लावलं. आतून नुसतं हं, हं, आणि मग नळाच्या पाण्याचा आवाज. बाहेर आली ती डोळे धुऊन. म्हणाली, उद्याचं विमान घेतलंय, नॉर्बर्ट सोडतोय सास्काटूनच्या विमानतळावर.

मी म्हणालो, दुपारपर्यंत वेळ दे. नुसत्या दुपारपर्यंत.

ती म्हणाली, एप्रिलपासून तुला दुपारच देतेय मी, ऑरेस्ट.

आवाज चढवला नाही. मला बरं वाटलं. चिडलेली नाही.

१० मे
सकाळी मी व्हॅनखाली होतो. तिचे बूट दिसले. मग ती वाकली, चेहरा आडवा दिसला. म्हणाली, मी निघते. मी म्हणालो, जाता जाता तो दहाचा पाना दे. तिने दिला. बरोबर दहाचाच दिला. इतक्या वर्षांत तिला पाने ओळखू यायला लागले, माझ्या लक्षात आलं नव्हतं. हे तिला सांगावं म्हणून बाहेर सरकलो, तोवर नॉर्बर्टची गाडी वळणावरून गेली होती.

१२ मे
ऑपरेशन झालं. व्यवस्थित. मला नॉर्बर्टकडून कळलं. व्हर्नाने त्याला फोन केला. साहजिक आहे, मी दिवसभर बाहेर व्हॅनपाशी, घरचा फोन कोण उचलणार? माझ्या खिशातला फोन चालू होता, पण तो तिला आठवला नसेल.

१५ मे
झालं! गार पाणी, गरम पाणी, शॉवर. थेंबही गळत नाही. व्हॅनमध्ये बसून नळाच्या पाण्याचा चहा केला. एक कप. ब्लीचची चव किंचित, चहा म्हणून चालून जाते.

व्हर्नाला फोन लावला. सगळं सांगितलं, सांधा कसा उलटा बसवला तेही. ती ऐकत होती. मग म्हणाली, आयरिस आज खुर्चीत बसली. मी म्हणालो, वा. दोघांकडेही चांगली बातमी होती.

२० मे
व्हर्नाला फोनवर म्हणालो, व्हॅन घेऊन निघतो, परवा पोचतो. ती म्हणाली, नको येऊस. मी म्हणालो, रस्ता मला तोंडपाठ आहे. ती म्हणाली, रस्त्याचं नाही बोलत मी.

मी एकट्याने डोंगरात गाडी चालवावी हे तिला धोक्याचं वाटतं. माझी काळजी आहे तिला.

११ जून
आज टाकी रिकामी करून पुन्हा भरली. पाणी शिळं होऊ नये. नॉर्बर्टच्या बायकोने बोर्श्ट, म्हणजे बीटाचं सूप, पाठवलं. व्हर्ना कधी येणार असं तिने विचारलं नाही. बाकी सगळं विचारलं.

४ जुलै
व्हर्ना आली! आयरिसही बरोबर. वाळली आहे, पण चालते. डॉक्टरांनी फिरायची मोकळीक दिली आहे. जेवताना कळलं की दोघींना पूर्वेकडे जायचंय, थेट अटलांटिकपर्यंत. आयरिसने तो समुद्र पाहिलेला नाही. व्हॅनने जाणार! मी उठून उभाच राहिलो. म्हणालो, टाकी भरलेली आहे. मी कुठे झोपू, वरच्या फळीवर?

आयरिस ताटाकडे बघत राहिली. व्हर्ना म्हणाली, व्हॅनमध्ये सीटबेल्टच्या खुर्च्या दोनच आहेत.

खरंच आहे. दोनच आहेत. सुरक्षेच्या बाबतीत व्हर्ना पहिल्यापासून काटेकोर.

६ जुलै
सकाळी दोघी निघाल्या. मी पंप, नळ, गरम पाणी, सगळं क्रमाने समजावून सांगितलं. आयरिस मधेच म्हणाली, बस रे बाबा, माझी झडप नवी आहे, दमते ती. मग व्हर्ना खाली वाकली, टाकीचा तळचा नळ उघडला आणि सगळं पाणी सोडून दिलं. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, जड होतं, आणि वास येतो. दुकानातून पाण्याचे कॅन आणले होते, ते मीच उचलून सिंकखाली ठेवले. तिथे जागा कोरडी आहे, हे दोघींना दाखवलं.

या उन्हाळ्यात घरीच राहायचं असं मी ठरवलं आहे. व्हॅन वळणाला लागेपर्यंत अंगणात उभा राहून हात हलवला. आयरिसने उलट हलवला. व्हर्ना गाडी चालवत होती, तिला कसं जमणार.