पार्वताबाईचं मशीन मी विकलं

६ नोव्हेंबर २०२४, बुधवार

गेली! लग्नाला अडतीस वर्षं झालेली माझी बायको एका धुण्याच्या मशीनपायी घर सोडून माहेरी गेली. नांदगाव खंडेश्वरला. भावाची फुलशेती आहे, झेंडू तोडायला माणसं कमी पडतात म्हणे. बहाणा!

माझा गुन्हा काय? जुनी सेमी ऑटोमॅटिक दुकानदाराला एक्स्चेंजमध्ये दिली. ती दोन टबांची – एकात धुवायचे, ओलेचिंब उचलून दुसऱ्यात पिळायला टाकायचे, पाणी बादलीनं भरायचं. तिच्या जागी नवीकोरी फुल ऑटोमॅटिक आणली. समोर काचेचं दार. बटण दाबा आणि बसा. हिच्या कंबरेसाठीच ना? पार्वताबाई बाजारातून आल्या, न्हाणीतला कोपरा पाहिला, एवढंच म्हणाल्या, “मले इचारलं?”

पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेत नोकरी केली, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. साहेब लोक मला विचारून सही करायचे. आणि मी एक मशीन आणायला हिला विचारू?

७ नोव्हेंबर

फोन नाही. मीही करणार नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

आज पाचव्या दिवशी नळ आला. टाकी भरली, पिंप भरलं, घरातल्या सगळ्या बादल्या भरल्या. मग मशीन लावलं.

दहा मिनिटं झाली, पाणीच घेईना. नुसतं टी-टी-टी! टाकी स्लॅबवरच ठेवलेली, त्यामुळे पाण्याला जोर नाही. शेवटी साबणाच्या खणातून तांब्या तांब्यानं ओतत बसलो. याला ऑटोमॅटिक म्हणतात! धुऊन झाल्यावर ते सगळं पाणी त्यानं मोरीत सोडलं आणि पुन्हा मागू लागलं. परत ओतलं. परत सोडलं. तीन वेळा! आठ कपड्यांत माझं पिंप रिकामं. आता सोळा तारखेपर्यंत काय पिऊ?

शेजारची दामिनी कुंपणावरून बघत होती. हसू दाबत म्हणाली, “काकाजी, काकू त एकाच पाण्यात तीन घाणे काढत. पयले पांढरे, मंग रंगीत, मंग पायपुसणे. उरलं पाणी संडासात.”

कुणी विचारलं होतं तिला?

१२ नोव्हेंबर

बोअरचं पाणी वापरून पाहिलं. खारट. साबणाला फेस नाही, बनियन पापडासारखं कडक. सेमीत हिचे कपडे असे होत नव्हते. काय करत होती कोण जाणे. सांगून तर जायचं!

१६ नोव्हेंबर, शनिवार

आजचा अपमान लिहूनच ठेवतो.

हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचं होतं. सकाळी नळ आला म्हणून दोन्ही चांगल्या पँटी मशीनमध्ये टाकल्या. अर्ध्यात लाइट गेली. आणि दार बंद! काचेतून माझ्या पँटी मला दिसताहेत, पण हाताला येत नाहीत. ओढलं, ठोकलं, शिव्या दिल्या. दार काही उघडेना. साडेबारापर्यंत वाट पाहिली आणि शेवटी पट्ट्यापट्ट्याच्या लेंग्यावर बँकेत गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “काका, तब्येत बरी नाही का? फोन केला असता तर घरी आले असते कुणी.”

तब्येत! माझी तब्येत ठणठणीत आहे! पँटी कोंडल्यात!

सेमीचं झाकण कधीही उघडायचं, हे मला माहीत होतं. हिला चालू मशीनमध्ये मोजे टाकताना शंभरदा पाहिलंय.

१८ नोव्हेंबर, सोमवार

दुकानात गेलो. चांगला आवाज चढवून. मालक उत्तमराव पान चघळत म्हणाला, “टाकी उंच करा, नाही त पंप बसवा. खाऱ्या पाण्याले वेगळं फिल्टर लागते.” मग सहज म्हणाला, “आपल्या इकडं सेमीच जास्त जाते, साहेब. पाणीच तसं आहे. ऑटोमॅटिक समोर ठेवतो, सेमी मागं.”

“मग मला कावून देल्ली?”

“तुमी आल्या आल्या म्हणले, मोठ्यातली दाखवा.”

म्हणालो होतो. हे इथंच राहू दे.

आमची सेमी कुठं गेली, विचारलं. गावाबाहेर सूर्यभान नावाचा वांगी लावणारा माणूस आहे, त्यानं नेली म्हणे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज सूर्यभानकडे गेलो. तो मळ्यात होता. त्याची बायको माणिकबाई लिंबाखाली कपडे धूत होती – आमच्याच मशीनमध्ये. विहिरीच्या नळीनं पाणी भरलेलं. चालू मशीनचं झाकण उघडून तिनं चिखलाचा एक सदरा आत ढकलला आणि मला विचारलं, “काय काम होतं?”

म्हटलं, मशीन परत पाहिजे. हवं तर वर काही देतो.

“नाही देत. तुमी इकली न? शेतातले कपडे हातानं धू-धू माह्ये बोटं फाटले होते.” दोन्ही हात पुढं केले.

मग तीच म्हणाली, “तुमच्या बाईचा फोन आलता. बेल्ट ढिल्ला आहे, चादरी दोनच टाकजो, म्हणे. पिळाच्या टबात कपडे गोल लावजो, नाही त उड्या मारते. लय समजावून सांगतलं बाईनं.”

दुकानातून नंबर काढून अनोळखी बाईला फोन! मशीन बरं आहे का म्हणून! मी इथं चौदा दिवस लेंग्यावर आहे, मला एक फोन नाही!

येताना एसटी मिळाली नाही. पायीच आलो. चालता चालता आठवायला लागलो – या चौदा दिवसांत मी तरी तिला फोन केला का?

२१ नोव्हेंबर, गुरुवार

ऑटोमॅटिक परत केली, नवी सेमी आणली. मागच्या रांगेतली. उत्तमराव हसला, मी लक्ष दिलं नाही.

दामिनीला बोलावलं. ती कुंपणापलीकडून सांगत गेली, मी करत गेलो. पांढरे, रंगीत, पायपुसणी. खरंच एका पाण्यात! पिंप अर्धं उरलं. पण ओली चादर एका टबातून उचलून दुसऱ्यात टाकायची म्हणजे काय असतं, ते आज कळलं. तिसऱ्या चादरीला कंबर धरली. खाली बसलो. दामिनी म्हणाली, “काकू त उभ्याउभ्या करे.”

उभ्या उभ्या नाही. ती मधेच भिंतीला टेकायची. मी पेपर वाचताना पाहिलंय. दम खाते आहे हे डोक्यात आलं नव्हतं.

२२ नोव्हेंबर

फोन लावला. भावानं उचलला. ती शेतात होती. काही निरोप नाही, असं मीच म्हटलं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

नळ आला. सगळं धुऊन वाळत घातलं आणि फोन वाजला. तिचाच!

“कपडे कोण धुते?”

“मीच. सेमी आणली.”

“चादरी?”

“त्याही.”

म्हटलं, आता ये.

हसली. मोकळी, मोठ्यानं. मागून बायकांचे आवाज येत होते, कुणीतरी तिला हाक मारत होतं.

“मंग मले कायची घाई आहे?” म्हणाली. “संक्रातीपर्यंत काही मी येत नाही.”